दिवेआगरचे बिऱ्हाड

समुद्रकाठी आपले एक लहानसे घर असावे, ही इच्छा पुण्याच्या मध्यमवर्गीय गृहस्थाला साधारणपणे चाळिशीच्या सुमारास होते. जवळचे अक्षर दिसेनासे होते, जिना चढताना गुडघा कुरकुरू लागतो आणि त्याच बेताला हे खूळही डोक्यात शिरते. घर फार मोठे नको असते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, चार माड आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू येणारी गाज. बस्स, एवढेच!

आमच्या घरी हा विषय दर वर्षी दिवाळीची झाडलोट झाली की निघत असे. मी जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर नकाशा काढीत असे. सौ. त्यात स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला सरकवीत असे. मुले झोपाळा ओटीवर की पडवीत, यावरून भांडत. मग भाऊबीज होई, कॉलेज सुरू होई आणि नकाशा रद्दीत जाई. या नकाशाने कोणाचे काही वाईट होत नव्हते.

परंतु गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, दोन गोष्टी घडल्या. आजोबांच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू जमिनीची वाटणी होऊन एका तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझे नाव लागले. शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हा १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचा दंडक. कुंडीतल्या तुळशीखेरीज जन्मात काही न लावलेला मी, कागदोपत्री का होईना, शेतकरी झालो. दुसरी गोष्ट म्हणजे बँकेतली एक जुनी ठेव मुदत संपून हातात आली. नकाशाला पाय फुटले ते असे.

“आधी चार दिवस भाड्याने राहून बघू,” सौ. म्हणाली. “घराची हौस किती आणि झाडलोटीची तयारी किती, तेही कळेल.”

मुलीने फोनवर शोधाशोध करून जागा ठरवली. गाव कोणते, हे मात्र मी ठरवले होते. गेली वीस वर्षे मी वर्गात दिवेआगरचे नाव घेत आलो आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० सालचा दिवेआगरचा ताम्रपट हा मराठीतल्या अतिप्राचीन लेखांपैकी एक. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात तो आहे. दर वर्षी जुलै महिन्यात मी त्यावर एक तास बोलतो आणि मुले तो निमूटपणे उतरवून घेतात. मात्र ज्या गावाच्या नावावर वीस वर्षे पगार खाल्ला, ते गाव मी पाहिलेले नव्हते. त्याच वर्षीच्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा तर मला जरा शरमच वाटली.

दिवाळी उरकल्यावर, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही निघालो. पौड मागे पडले आणि मुळशीचे पाणी दिसू लागले. या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, हे मी मुलांना सांगितले. चिरंजीव म्हणाले, “म्हणजे बाबा, आपण ज्याचे फोटो काढतोय तिथे गावे होती?” होती, म्हणालो. गाडीत थोडा वेळ शांतता झाली. मग ताम्हिणीची वळणे आली आणि सगळ्यांचे लक्ष आपापल्या पोटाकडे गेले. निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असे करीत दुपारी आम्ही दिवेआगरात शिरलो. शिरलो म्हणजे सावलीत शिरलो. दोन्ही बाजूंनी गडगे, गडग्यांच्या आत पोफळी, पोफळींच्या डोक्यावर माड आणि मधून एक अरुंद रस्ता. ऊन बाहेरच राहिले.

फोनवर पाहिलेल्या चित्रात आमचे कॉटेज ऐटबाज दिसत होते. फाटकावर इंग्रजी पाटी होती आणि पाटीवर समुद्राची लाट होती. प्रत्यक्षात समुद्र दहा मिनिटांच्या वाटेवर होता, आणि कॉटेज म्हणजे मूळचा गोठा होता. हे मालकीणबाईंनीच आम्हांला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकले.

“लेकानं पाटी लावलीय हो. पण गोठा तो गोठाच. इथं तांबू बांधलेली असायची, तिथं कपिला. शेवटची गाय गेली, मग लेक म्हणाला, फरशी घालू, न्हाणीघर काढू, माणसं येतील राहायला.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि येतात की!”

काकूंचे वय पंचाहत्तरीच्या आसपास असावे. अंगाने काटक, नेसू नऊवारी, चालणे भरभर. यजमान जाऊन दहा वर्षे झालेली. मुलगा, सून आणि नात नव्या मुंबईत. जांभ्याच्या जुन्या घरात त्या एकट्याच राहत. स्वयंपाकाला आणि झाडलोटीला गावातली एक बाई येई आणि वाडीच्या कामाला एक जुना माणूस. त्याला सारे मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो.

गोठ्याच्या भिंती जांभ्याच्या, वर कौले, आत दोन खाटा आणि एक पंखा. गव्हाण तशीच ठेवून तिच्यावर फळी टाकली होती. आम्ही तिच्यावर बॅगा ठेवल्या. सौ.ने चहाचे सामान मांडले, दोरीवर टॉवेल टाकले, आणि अर्ध्या तासात तिथे आमचे बिऱ्हाड उभे राहिले. भाडे दिवसाला पंधराशे रुपये, जेवणाचे वेगळे. रात्री काकूंकडून तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि सोलकढी आली. ताटे घासून परत देण्याची तयारी सौ.ने दाखवली, तेव्हा काकूंनी तिला प्रेमाने दम भरला, “पैसे देतेस ना? मग बस गुमान!”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही समुद्रावर गेलो. वाड्या संपतात तिथे केवड्याची बने आणि सुरूची झाडे लागतात, आणि त्यांच्या पलीकडे एकदम सगळे मोकळे होते. चार-पाच किलोमीटरचा सपाट किनारा, आणि ओहोटीमुळे पाणी लांब गेलेले. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली. चिरंजीव तिच्यावरून पाय चुकवीत चालत होते. घरात टॉवेलवरून चालणारा हा मुलगा! मुलगी फोन विसरून आली होती आणि तिला त्याची आठवणही झाली नाही. सौ. आणि मी गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. बोललो काहीच नाही. पण मनातल्या मनात मी नकाशावर दार पश्चिमेला फिरवून घेतले.

परत येताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. गावातून जाताना वाड्या घनदाट वाटतात, पण आत शिरल्यावर मधूनमधून आकाशाची मोठमोठी भोके दिसतात. सुरूचे जुने बुंधे आडवे पडलेले दिसतात. काकूंची वाडी तीस गुंठ्यांची. तिच्यात ही भोके फारच होती.

“ते निसर्ग,” काकू म्हणाल्या.

मला क्षणभर अर्थबोध झाला नाही. मग उमगले, की निसर्ग म्हणजे चक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या या किनाऱ्यावर चढले. त्या वेळी टाळेबंदी चालू होती आणि आम्ही पुण्यात दूरदर्शन संचासमोर बसून ती बातमी पाहिली होती. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे, असे निवेदक सांगत होता. आमच्या इमारतीसमोरचा गुलमोहर पडला, त्याची हळहळ आम्ही आठवडाभर केली होती.

“सकाळपासून घोंघावत होतं,” काकू सांगू लागल्या. “दुपारी तर असा आवाज, की आगगाडी अंगावरून चाललीय. मी माजघरात देवापाशी बसले. कौलं उडताना ऐकू येत होती. पण कौलांचं काही नाही हो. पोफळ मोडताना आवाज करते. कडाक्‌! एक, दोन, दहा. मी मोजायचं सोडून दिलं. संध्याकाळी दार उघडलं तर समुद्र दिसला. या घराच्या ओटीवरून समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता.”

समुद्र दिसावा म्हणून जादा पैसे मोजणाऱ्या आम्हां शहरी मंडळींना हे वाक्य ऐकून काय बोलावे ते सुचेना.

चारशे पोफळींपैकी दीडशे उरल्या. सत्तर माडांपैकी निम्मे. वीज महिन्याहून अधिक काळ नव्हती. सरकारी मदत जाहीर झाली, ती पहिल्याने हेक्टरी हिशेबाने. “हेक्टर कोणाकडे आहे इथं? आमचा सगळा व्यवहार गुंठ्यांचा,” काकू म्हणाल्या. त्याच पावसाळ्यात त्यांनी मामांकडून रोपे लावून घेतली. पोफळ धरायला पाच ते आठ वर्षे लागतात. तोवर घर चालणार कशावर? तर या गोठ्यावर. आमच्या पंधराशे रुपयांवर.

गोठ्याला कॉटेज म्हणून मी मनात हसलो होतो, त्याचे मला वाईट वाटले.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही गाव पाहिले. रूपनारायणाच्या देवळातली काळ्या दगडाची विष्णुमूर्ती इतकी रेखीव आहे, की तिच्यापुढून पाय निघत नाही. मग सुवर्णगणेशाच्या मंदिरात गेलो. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सारा महाराष्ट्र दर्शनाला लोटला. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा नाहीसा झाला. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी नवा मुखवटा बसवण्यात आला. काकूंच्या मते गोठ्यांची कॉटेजे व्हायला सुरुवात झाली ती गणपती सापडल्यापासून. “तोवर इथं पाहुणा यायचा तो लग्नाला नाहीतर बाराव्याला,” त्या म्हणाल्या.

रात्री ओटीवर बसून मी काकूंना ताम्रपटाची हकीकत सांगितली. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी याच गावात एक सोन्याची ठेव ठेवली गेली. ती कोणाकोणापाशी आहे हे पुढे वाद होऊ नये म्हणून तांब्यावर कोरून ठेवले. आणि ते मराठीत आहे. काकूंनी अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता सारे ऐकले.

“म्हणजे तेव्हाही तोंडी विश्वास नव्हताच म्हणायचा,” त्या म्हणाल्या.

वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने या ताम्रपटावर इतके मार्मिक भाष्य केले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांना समुद्रावर सोडून आम्ही दोघे जागा पाहायला गेलो. बोर्लीच्या एका ओळखीच्या माणसाने जागेच्या दलालाची गाठ घालून दिली होती. तरतरीत, गोडबोल्या तरुण होता. त्याने आसपासच्या तीन-चार गावांतल्या पाच जागा दाखवल्या. पहिली जागा पूर्वी वाडी होती. आता लाल मातीचा सपाट चौकोन होता आणि कडेला तोडलेल्या माडांचे बुंधे रचून ठेवले होते. “क्लिअर प्लॉट, सर. तुम्हांला झाडं तोडायचा त्रास नाही,” तो म्हणाला. दुसरी जागा केवड्याच्या बनाला लागून होती. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला १९९१ सालापासून भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचे याचे नियम आहेत. त्याविषयी मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “भरतीरेषा कुठली धरायची, त्यावर आहे सर.” तिसऱ्या जागेशेजारी एक नवे अतिथिगृह होते. तिथे पोहण्याचा निळा हौद होता, हौदात दहा-बारा मंडळी होती आणि कर्ण्यावर गाणे लागले होते. दोनशे पावलांवर अरबी समुद्र असताना ही मंडळी हौदात डुंबत होती. चौथी आणि पाचवी जागा आम्ही गाडीतूनच पाहिल्या.

उन्हातून परत आलो तेव्हा डोके दुखत होते. फाटकाच्या आत पाऊल टाकले आणि गार वाटले. सौ. म्हणाली, “आपल्याला जागा नकोय, अहो. आपल्याला हे हवंय.” तिने हाताने वरची सावली दाखवली.

त्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा होती. काकूंनी तुळशीपाशी पणत्या लावल्या. मुलीने त्यांना मदत केली. उकडीचे मोदक झाले. जेवण झाल्यावर मुले झोपायला गेली आणि काकू ओटीवर येऊन बसल्या.

“सर, एक विचारू? तुम्ही जागा बघत होता म्हणे.”

गावात काही लपत नाही! मी होय म्हणालो.

“मग अर्धी वाडी तुम्हीच घ्या की.”

आम्ही दोघेही गप्प झालो. काकूंनी सगळे सरळ सांगितले. घराच्या आढ्याचे लाकूड गेले आहे. एकदा दुरुस्त केले ते वादळानंतर, उसनवारी करून. मुलाचे म्हणणे, पश्चिमेची बाजू मोकळी करून सहा खोल्या बांधू. नाहीतर विकू, गिऱ्हाईक तयार आहे. त्याचेही चूक नाही; त्याला मुलीचे शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत. “तो वाईट नाही हो. पण त्याच्या हातून गेली, की तिथं हौद येणार. तुम्ही शिकली-सवरली माणसं. तुम्ही लहानसं घर बांधाल, झाडं ठेवाल. शेजार चांगला लाभेल मला. पूर्वेची बाजू मी ठेवीन माझी.”

ज्याचे नकाशे मी दहा वर्षे काढले, ते कोणीतरी ताटात वाढून पुढे ठेवले होते. माझ्या सातबाऱ्यावर नाव होते आणि बँकेत पैसेही होते. शिवाय त्यात पुण्यही होते! हौदापासून एक वाडी वाचवायची आणि वर काकूंची नड भागवायची. याहून चांगले कारण घर बांधायला कोणाला मिळाले असेल? मी रात्रभर जागा होतो. गाज ऐकू येत होती, ती या खेपेला माझ्या मालकीची वाटू लागली होती.

सकाळी मामा पाटाचे पाणी आळ्यांत फिरवीत होते. मी त्यांच्यामागून हिंडलो आणि सहज विचारावे तसे विचारले, की पश्चिमेच्या अर्ध्या वाडीत एखादे लहान घर बांधले तर?

मामांनी खोरे टेकले. “पोफळीला ऊन सोसत नाही, सर. दुपारनंतरचं तर मुळीच नाही. खोड भाजतं, मग तिथंच चिरतं, पुढं वाऱ्यात मोडतं. म्हणून तर रोपांना केळीची सावली करतात.” त्यांनी वादळाने मोकळ्या पडलेल्या जागेच्या कडेची चार झाडे दाखवली. खोडाच्या पश्चिमेच्या अंगाला सोनेरी-तपकिरी चट्टे होते. एकाला उभी चीर गेली होती. “ही वादळात वाचली होती. नंतर उन्हानं गेली.”

“आम्ही पाच-सहाच झाडे तोडू,” मी म्हणालो. माझा आवाज त्या दलालासारखा आला.

“सगळे तसंच म्हणतात. आणि मनापासून म्हणतात,” मामा म्हणाले. “पण घर आलं की वाट आली. वाट आली की गाडी आली. पाण्याला बोअर आली, खड्डा आला. मग घरावर झावळी पडते, नारळ पडतो, म्हणून आणखी चार झाडं. पश्चिमेची बाजू विरळ झाली, की पूर्वेची उघड्यावर पडली. अर्धी वाडी असं काही नसतंच, सर. असली तर सगळी असते.”

मग ते पोफळीवर चढले. पूर्वी एका झाडावर चढले की शेंडा झुलवून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे करीत दहा-दहा झाडे काढून मगच खाली उतरत. आता दोन झाडे झाली की उतरावे लागते. मधली झाडे नाहीत.

सौ.ला हे सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. माझी मनःस्थिती विचित्र झाली होती. घ्यावी तर काकूंची उरलेली वाडी आमच्या हातून जाणार. न घ्यावी तर दुसरा कोणी घेणार आणि सगळीच जाणार. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना संदर्भासह स्पष्टीकरण द्यायला शिकवले. इथे संदर्भ सगळे होते, स्पष्टीकरण मात्र सापडत नव्हते.

“आपण घ्यायची नाही,” शेवटी सौ. म्हणाली. “आपण घेतली नाही म्हणून ती वाचेल असं नाही. पण आपल्या हातून नको.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “भाडं मात्र देत राहू.”

निघण्याच्या दिवशी काकूंना आमचा निर्णय सांगणे फार जड गेले. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांना गिऱ्हाईक हवे होते आणि शेजारही हवा होता. मामांनी जे सांगितले ते त्यांना माहीत नव्हते, असे नाही. पन्नास वर्षे वाडी राखलेल्या बाईला ते माहीत नसेल? पण माहीत असूनही विचारावे लागते, अशी वेळ माणसावर येते.

सौ.ने पुढची पाच वर्षे, दर नोव्हेंबरचे चार दिवस, या हिशेबाने तीस हजार रुपये त्यांच्यापुढे ठेवले.

“हे कसले?”

“आमची खोली राखून ठेवायची.”

“गोठ्याला कोण एवढं राखून ठेवायला सांगतं?” काकू हसल्या. “आणि पाच वर्षं मी असेन कशावरून? भाव वाढला तर?”

“वाढलेला भाव देऊ,” मी म्हणालो.

त्यांनी पैसे लगेच उचलले नाहीत. त्या रकमेने आढे बदलणार नव्हते, उसनवारी फिटणार नव्हती. हे त्यांना कळत होते आणि आम्हांलाही. मदत केल्याचे समाधान मिळावे एवढी ती रक्कम मोठी नव्हती, आणि ते बरेच झाले. अखेर काकूंनी नोटा मोजल्या आणि कपाटातली वही काढून तीत माझे नाव, रक्कम आणि पाच वर्षे लिहिली. वही माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, “सही करा. ठेव म्हटली की लिहून घ्यावी लागते. तुम्हीच सांगितलंत ना?”

मी सही केली. मामांची साक्ष झाली.

पुण्याला परतल्यावर नकाशाचा विषय आमच्याकडे निघाला नाही. बँकेतली ठेव पुन्हा बँकेत गेली. यंदा दिवाळीची झाडलोट करताना मुलीला माळ्यावर एक जुना नकाशा सापडला. तिने तो टाकून दिला नाही. पाठकोऱ्या बाजूवर तिने नोव्हेंबरमध्ये न्यायच्या सामानाची यादी केली आहे. तीत सगळ्यांत वर काकूंसाठी एक चांगला अडकित्ता आहे. त्यांचा सैल झाला आहे.

गेल्या महिन्यात तारखा कळवायला मी फोन केला. आढ्याला तूर्त टेकू दिला आहे. मुलाचा आग्रह चालूच आहे. पश्चिमेची बाजू अजून आहे. “अजून तरी,” काकू म्हणाल्या. पुढचे काही मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मग त्यांचा आवाज एकदम बदलला.

“एक सांगायचं राहिलंच. वादळानंतर लावलेल्या रोपांतल्या दोघांना पोय आलीय. याल तेव्हा मामा दाखवतील. गोठा झाडून ठेवते.”

आम्ही भाऊबीज झाली की निघणार आहोत.